15 वर्षं झालेली गाडी पासिंगला न्यायचीय? कोल्हापूरकरांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं

उद्यमनगरात मेस्त्रींनी गाडी वर घेतली, मागच्या चाकाजवळ बॅटरी मारली आणि मला म्हणाले, "मालक, हितं बोट लावून बघा." मी लावलं. ब्रेकचा लोखंडी पाईप असतो ना, पेन्सिलीपेक्षाही बारीक, त्याच्यावर गंजाचे पापुद्रे चढले होते आणि माझं बोट ओलं झालं. पावसाचं पाणी असंल म्हणून मी पुसायला गेलो तर बोट बुळबुळीत, ते ब्रेक ऑइल होतं. "आज न्हाई तर उद्या फुटणार ह्यो," मेस्त्री म्हणाले. आणि पंधराच दिवस आधी त्याच गाडीत घरातली पाच माणसं बसवून भर पावसात मी आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाऊन आलो होतो.

गाडी ऑक्टोबर 2010 ची, आप्पांच्या नावावर. ती वर घेतली ती काय ब्रेकसाठी नाही, पासिंग, म्हणजे 15 वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची तपासणी, जवळ आलं होतं म्हणून. पासिंग नसतं तर तो पाईप आम्हाला कधी दिसला असता, ते घाटातच कळलं असतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आजूबाजूला सगळे पासिंग म्हणजे कागदाचं काम, एजंटला दिलं की झालं असंच धरून चाललेत. कागद लागतातच, ते सगळे खाली सांगतो, पण त्याच्या आधी गाडी तयार करा आणि ती घाटासाठी तयार करा, मग पासिंग आपोआप होतंय.

आधी गैरसमज काढून टाका

15 वर्षं झाली की गाडी भंगारात घालावी लागते हे खोटं आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवाद आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशांमुळं बंधनं आली, त्या बातम्या बघून इकडं लोकांनी चांगल्या गाड्या मातीमोल किमतीत विकल्या. तो विषय तिकडचा. आपल्याकडं मोटार वाहन कायदा 1988, कलम 41 लागू. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते, ती संपली की गाडी दाखवायची, ती रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं मोटार वाहन निरीक्षकांना पटलं की 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. परत 5 वर्षांनी परत तेच. गाडी नीट असंल तर असं पुढं चालू राहतं.

दुसरं, 15 वर्षं मोजायची ती नोंदणीच्या तारखेपासून, गाडी कारखान्यात बनली त्या तारखेपासून नाही. आरसी बुकवर किंवा कार्डावर मुदतीची तारीख असते, एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला तरी दिसते. आत्ता उठून ती तारीख बघा. माझ्या मावसभावाला दीड वर्षानं कळलं की मुदत संपून गेलीय, आणि दीड वर्ष गाडी रोज रस्त्यावर.

मुदत संपल्यावर गाडी चालवणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणं. पहिल्या वेळी 5000 रुपयांपर्यंत दंड आहे, पण मला दंडापेक्षा इन्शुरन्सची भीती जास्त वाटते. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात, ज्यात गाडीची तात्पुरती नोंदणी संपलेली होती, क्लेम नाकारणं बरोबर ठरवलं. म्हणजे प्रीमियम वेळेवर भरताय, पॉलिसी चालू आहे आणि ऐन वेळेला कंपनी म्हणणार, गाडीची नोंदणीच न्हवती. हे लक्षात ठेवा.

आणि ज्यांची गाडी पिवळ्या पाटीची आहे, टॅक्सी, टेम्पो, स्कूल व्हॅन, त्यांचं गणित वेगळं. त्यांना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. हा लेख पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीसाठी आहे.

कधी सुरुवात करायची

मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. गाडीचं काम मात्र त्याच्याही आधी, तीन महिने तरी हातात ठेवून सुरू करा, कारण जुन्या गाडीचं काम एकातनं दुसरं निघतं, आणि पार्ट मागवायला लागले की आठवडे जातात. उशीर झाला तर कारला दर महिन्याला 500 रुपये जादा, दुचाकीला 300. महिन्याचा एक दिवस जरी वर गेला तरी पूर्ण महिना धरतात.

ज्यांची मुदत पावसाळ्यात संपते त्यांनी उन्हाळ्यातच गाडी खालनं बघून घ्यावी असं माझं मत. पाऊस पडून गेल्यावर आपल्याकडं गाडीखाली चिखलाचा थर असतो, त्याच्या आड काही दिसत नाही. मी ऑगस्टमध्ये केलं, आधी प्रेशरनं खालनं धुऊन घ्यायला लागलं, मग वाळू दिली, मग वर घेतली.

पहिलं काम: गाडी खालनं बघा

गॅरेजवाल्याला नुसतं "पासिंगचं काम करून द्या" म्हणू नका. असं म्हटलं की तो लाईट, हॉर्न, वायपर बघतो, पॉलिश मारतो आणि देतो. आम्ही आधी एका गॅरेजला असंच दिलेलं. त्यांनी गाडी खालनं काळ्या डांबरी कोटिंगनं रंगवून दिली, झकास दिसत होती. उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी तिथंच दरवाज्याच्या उंबऱ्याखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला, जरा दाबला, आणि तो कोटिंगमधनं आरपार आत गेला. पत्राच शिल्लक न्हवता तिथं, कोटिंगवर कोटिंग होतं नुसतं. गंज खरवडून, कुजलेला पत्रा कापून, नवीन पत्रा वेल्ड करून मग कोटिंग मारायचं असतं. गंजावर थेट मारलं की आत ओल कोंडते आणि गंज उलट जोरात वाढतो.

तर गाडी वर घेतल्यावर स्वतः खाली उभं राहा, मोबाईलची बॅटरी घ्या आणि मेस्त्रींबरोबर बघा. दरवाज्याखालचे उंबरे, सस्पेन्शन जिथं बॉडीला बोल्ट केलंय त्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी आतल्या बाजूनं, डिकीत स्टेपनीची खड्ड्यासारखी जागा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात ज्यांची गाडी असते त्यांनी तर दोनदा बघावं, तिकडं पावसात चार-चार महिने गाडी खालनं वाळतच नाही.

2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या गाड्यात पाणी गेलं होतं त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. तेव्हा धुऊन, सीटा वाळवून गाड्या चालू केल्या लोकांनी, बऱ्याच विकल्याही गेल्या. पुढच्या सीटच्या खाली, कार्पेट उचलून वायरिंगचे जोड उघडून बघा, पितळ हिरवं पडलंय का ते. सीटबेल्ट शेवटपर्यंत पूर्ण बाहेर ओढा, आतल्या भागावर गाळाची रेघ असंल तर गाडी पाण्यात उभी होती हे नक्की. सेकंडहँड जुनी गाडी घेणाऱ्यांनीसुद्धा ही बेल्टची खूण बघावी, फार कमी जणांना ती पुसायचं सुचतं.

ब्रेक, आणि ब्रेकवर वेळ घाला

सगळ्यात जास्त इथंच थांबा. लोखंडी पाईप पुढनं मागंपर्यंत बोट फिरवून बघायचे, चाकापाशी रबरी नळ्या असतात त्या वाकवून बघायच्या, बारीक भेगा दिसल्या की बदलायच्या. पाईप फुटला की पेडल खाली जातं आणि निम्मे ब्रेक जातात, आणि उतारावर पाच माणसांची गाडी निम्म्या ब्रेकवर थांबत नाही.

ब्रेक ऑइल किती जणांनी बदललंय? कमी झालं की वरनं टाकतात, बदलत कोणी नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 प्रकारचं ऑइल नवीन असताना 205 डिग्रीला उकळतं, ओल शोषलेलं 140 च्या आसपास. डॉट 4 नवीन असताना 230, ओलसर झाल्यावर 155. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की चाकापाशी उष्णता वाढत जाते, ओलसर ऑइल उकळलं की पाईपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळं ताकद चाकापर्यंत पोचतच नाही. दर 2 वर्षांनी पूर्ण ऑइल बदलायचं, चारी चाकांच्या ब्रेक पाईपातली हवा काढून. खर्च फार नाही.

पुढचे पॅड आणि डिस्क, मागचे लायनर आणि ड्रम, हे सगळे चाकं काढून बघायचे. ड्रमच्या आत नख फिरवलं आणि कड लागली तर टर्निंग करून घ्या, उद्यमनगरात लेथची काय कमी नाही. फक्त ड्रमवर कमाल माप कोरलेलं असतं, त्याच्यापुढं गेला असंल तर टर्निंग न करता नवीन घ्या. मागच्या चाकातला सिलिंडर लीक आहे का ते त्याचं रबर उचलून बघा. हँडब्रेक चढावर लावून बघा, गाडी न्यूट्रलला जागची हलली नाही पाहिजे.

मग मोकळ्या रस्त्यावर, मागं कोणी नसताना, 30-40 च्या स्पीडला जोरात ब्रेक मारा. गाडी डावी-उजवीकडं ओढली तर दोन्ही बाजूंचा ब्रेक सारखा नाही. ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनवर रोलर असतात, चाकं त्यावर फिरवून डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक मशीन आकड्यात दाखवतं, तिथं अंदाजपंचे काही चालत नाही.

टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन

टायरवर इंग्रजीत DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. आपल्या घरच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळं नक्षी शाबूत असते आणि टायर म्हातारा झालेला असतो, बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात. असा टायर मला तरी नको. नक्षीची मर्यादा 1.6 मिलिमीटर, खाचेत मधेमधे छोटा उंचवटा असतो, टायर झिजून त्याला टेकला की संपला. स्टेपनीपण बघा, ती 2010 चीच असते बऱ्याचदा.

स्टिअरिंगमध्ये खेळ किती आहे, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश, शॉकअॅब्सॉर्बर गळतोय का, हे मेस्त्री चाक हातानं हलवूनच सांगतात. सांगितलं तर पुढं ढकलू नका.

लाईट, आणि उसाची ट्रॉली

पासिंगला काय काय तपासायचं त्या नियमाच्या यादीत हेडलाईट, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, डॅशबोर्डवरचे मीटर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग हे सगळं येतं. प्रत्येक दिवा लावून घरातल्या कुणालातरी मागं उभं करून बघा, नंबर प्लेटचा दिवा बहुतेकांचा गेलेला असतो आणि त्यावरनंच परत पाठवतात.

पण हेडलाईटचं एवढ्यावर सोडू नका. जुन्या गाडीची प्लॅस्टिकची काच पिवळट धुरकट होते, आतला चमकदार भाग काळवंडतो, बल्ब चालू असतो पण उजेड पडत नाही. नोव्हेंबर ते मार्च आपल्या रस्त्यांवर रात्री काय असतं सगळ्यांना माहितीय, कागल, शिरोळ, करवीर, कुठंही जावा, डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, ऊस बाहेर लोंबतोय, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ती ट्रॉली तुम्हाला तुमच्याच उजेडात दिसणार आहे, दुसऱ्या कशानं नाही. काच पॉलिश करून घ्या, जमलं तर दिवाच बदला. सेटिंग घरी बघता येतं, सपाट जागेवर भिंतीपासून 5 मीटरवर गाडी उभी करा, लो बीमचा उजेड भिंतीवर जिथं कापला जातो ती रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 5 सेंटीमीटर खाली पाहिजे. वर गेला की समोरच्याचे डोळे दिपतात, फार खाली गेला की तुम्हाला दिसत नाही. भगभगीत पांढरे एलईडी बल्ब जुन्या हॅलोजनच्या खोक्यात घालू नका, उजेड सगळीकडं फाकतो आणि पासिंगला काढायला लावतात.

तसंच काळी फिल्म काढा, प्रेशर हॉर्न आणि सुरात वाजणारे हॉर्न काढा, सायलेन्सरला भोक असंल तर वेल्डिंग करा. गाडीचा रंग बदलला असंल आणि आरसीवर जुनाच असंल तर आधी ती नोंद करून घ्या.

यादीत नसलेली पण मी केलेली दोन कामं सांगतो. इंजिनपाशी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या, 15 वर्षांत त्या कडक होऊन तडकतात आणि गाडीला आग लागायचं हे एक मोठं कारण. आणि बॅटरीपाशी कधीतरी म्युझिकसाठी, फॉगलाईटसाठी फ्यूज न घालता जोडलेल्या वायरी सगळ्या काढून टाकल्या.

सीएनजी असंल तर

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी, दर 3 वर्षांनी करायची असते, सिलिंडरवरच्या प्लेटवर तारीख बघा. किट बाहेरनं बसवलेलं असंल तर त्याची आरसीवर नोंद पाहिजे. नोंद नसेल तर पासिंगच्या दिवशी तिथं घोळ होणार, आधी मिटवा. आणि टेस्ट खरोखर करा, नुसतं सर्टिफिकेट आणू नका, 200 बारचं प्रेशर आपल्या पोरांच्या सीटमागं असतं.

पीयूसी

आपल्याकडच्या 2010 च्या आसपासच्या गाड्या बहुतेक बीएस 3 (हे सरकारनं ठरवलेलं धुराचं मानक) आहेत, बीएस 4 देशभर लागू झालं 1 एप्रिल 2017 ला. बीएस 4 आणि बीएस 6 गाडीची पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिनेच. बीएस 3 पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के, हायड्रोकार्बन 750 पीपीएम. जुन्या डिझेलला धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज (धूर किती दाट ते मोजायचं एकक). गाडी गरम करून न्या, गार इंजिनवर आकडे वाढतात. एअर फिल्टर, प्लग, ऑइल आधी बदला. तरी आकडा वर येत असंल तर ते इंजिनचं किंवा सेन्सरचं दुखणं आहे, ते शोधा. पीयूसी नसताना सापडलात तर 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

नंबर प्लेट

1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवल्याशिवाय आरटीओचं काम पुढं सरकत नाही. महाराष्ट्रात कारला 745 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 879 रुपये. परिवहन विभागाच्या साईटवरनंच बुकिंग करा, गूगलवर तशाच दिसणाऱ्या खोट्या साईट फिरतात. पुढं-मागं प्लेट आणि काचेवर एक स्टिकर, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारंगी. बुकिंग ते फिटिंग यात दिवस जातात, म्हणून हे अगदी सुरुवातीलाच टाका.

कागद

आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड, फॉर्म 25 (नोंदणी वाढवायचा अर्ज), चेसी नंबरचा पेन्सिल प्रिंट, मालकाची सही. गाडीवर बँकेचा बोजा अजून चढलेला असंल, म्हणजे कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, तर बँकेकडनं एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आधी बोजा उतरवा. जुन्या बँका, पतसंस्था एकमेकांत विलीन झाल्यात, एनओसी कोण देणार ते शोधण्यातच महिना जातो. पेंडिंग ई-चलन असतील ती भरून टाका.

पेन्सिल प्रिंट म्हणजे चेसी नंबर जिथं कोरलाय तिथं पातळ कागद धरायचा आणि वरनं आडवी पेन्सिल घासायची, नंबर पांढरा उमटतो. आमच्या गाडीत तो गंजानं भरला होता. बारीक पॉलिश पेपरनं हळूवार, थोडं ऑइल लावून, जुन्या टूथब्रशनं साफ केला तेव्हा आकडे वाचता आले. ग्राइंडर अजिबात लावू नका. आकडा पुसला गेला तर ती चोरीची गाडी नाही हे सिद्ध करत बसाल. आणि गंजानं खाल्लाच असंल तर स्वतः कोरायला जाऊ नका, आरटीओच्या परवानगीनंच ते काम होतं.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील हयात नाहीत, असं आपल्याकडं घराघरात आहे. कायद्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा, त्याला फॉर्म 31. भावाबहिणींची संमती, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला हे जमवायला वेळ लागतो, त्यात 15 वर्षं भरत आली असतील तर आजच सुरू करा. गाडी आईच्या, भावाच्या, कुणाच्या नावावर करायची हे घरात बसून आधी ठरवा.

ऑनलाईन अर्ज

परिवहनच्या साईटवर जाऊन व्हेईकल रिलेटेड सर्व्हिसेस, महाराष्ट्र, गाडीचा नंबर. मग रिन्यूअल ऑफ रजिस्ट्रेशन. चेसी नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारतात आणि ओटीपी येतो तो आरसीला जोडलेल्या मोबाईलवर. आमचं घोडं इथंच अडलं, 2010 साली आप्पांनी दिलेला नंबर कधीच बंद पडलेला. त्याच साईटवर मोबाईल नंबर अपडेट करायची सोय आहे, ते आधी करून घ्या म्हणजे पुढचं सुरळीत होतं.

फी: 15 वर्षं झालेल्या कारला 5000 रुपये, हा दर 1 एप्रिल 2022 पासून आहे, त्याआधी 600 होता. 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 च्या नियमानं 10,000. दुचाकीला तेच 1000 आणि 2000. याशिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात, तो 5 वर्षांचा एकदम भरायचा, पेट्रोल-डिझेलप्रमाणं वेगळा असतो आणि भरताना स्क्रीनवर दिसतो. पावत्या पीडीएफमध्ये ठेवा आणि प्रिंटपण काढा. कागद अपलोड झाले की तपासणीची तारीख घ्या. गाडी कुठं आणायची ते अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर बघूनच निघा, कार्यालय आणि तपासणीची जागा एकच असंल असं धरून चालू नका.

एजंटबद्दल माझं मत विचाराल तर, ज्याला साईट जमत नाही किंवा रजा मिळत नाही त्यानं अर्ज भरायला मदत घ्यावी, त्यात काही गैर नाही. पण गाडी स्वतः न्या. गाडीला काय झालंय ते इन्स्पेक्टर तिथंच तोंडी सांगतात आणि ते ऐकायला मालक तिथं पाहिजे.

पासिंगचा दिवस

सकाळी लवकर जावा. गाडी धुतलेली, इंजिनपण पुसलेलं, म्हणजे नंबर वाचता येतात. ओरिजिनल कागद एका फाईलीत, वर अपॉइंटमेंटची चिठ्ठी. गाडीत सामान ठेवू नका. निरीक्षक चेसी आणि इंजिन नंबर जुळवतात, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट बघतात, टायर बघतात, ब्रेक बघतात, बॉनेट उघडायला लावतात. आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या सीटबेल्टचं लॉक अडकत होतं, ते आम्ही बघितलंच न्हवतं. निरीक्षकांनी शांतपणे सांगितलं, बाहेर जाऊन बदलून आणला, परत दाखवला. त्या जागी माझी मुलगी बसते.

नापास झाली तर घाबरू नका. कारण नीट विचारून लिहून घ्या, काम करून परत दाखवता येते. ऑटोमेटेड स्टेशनवर प्रिंट मिळतो त्यात कुठल्या तपासणीत गाडी कमी पडली ते असतं, तो सरळ मेस्त्रींच्या हातात द्या.

काम परवडत नसंल तर

चेसीच कुजलीय, सस्पेन्शनच्या जागेचा पत्रा गेलाय, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागतंय, तर हिशोब मांडा. काही गाड्या सोडून द्याव्या लागतात. पण रस्त्यावरच्या भंगारवाल्याला रोख पैशावर देऊन मोकळं होऊ नका. गाडी कापली तरी सरकारी नोंदीत ती तुमच्याच नावावर राहते, तिची नंबर प्लेट किंवा चेसी नंबर कुणी दुसऱ्या गाडीला वापरला तर पोलीस तुमच्या दारात. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राकडं द्या, ते गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, त्यावर नवीन गाडी घेताना सवलत मिळते, आणि गाडी स्क्रॅप झाल्याचा दाखलाही मिळतो. आरसी रद्द झाल्याची नोंद साईटवर स्वतः तपासा.

आरसी हातात आल्यावर

नवीन कार्ड पोस्टानं घरी येतं, त्यामुळं पत्ता बरोबर आहे ना ते अर्जातच बघा. आल्यावर नावाचं स्पेलिंग, चेसी नंबर, इंधन, नवीन मुदत, सगळं वाचून काढा, चूक असंल तर लगेच सांगा. इन्शुरन्स कंपनीला नवीन मुदत कळवा. बीएस 3 वाल्यांनी पीयूसीची सहा महिन्यांची तारीख मोबाईलमध्ये टाका, आणि दर पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी गाडी एकदा वर घेऊन ब्रेकच्या पाईपवरनं बोट फिरवा. आम्ही यंदा खंडेनवमीला गाडी पुजली ती आधी मेस्त्रींकडं वर घेऊन, खालनं बघून, मगच.